हायफनचं मलपृष्ठ

बेलफास्टमधून १९५२ ते १९६५ या काळात 'हायफन' नावाचं एक हौशी नियतकालिक निघायचं. विज्ञानकथा वाचणाऱ्यांनी विज्ञानकथा वाचणाऱ्यांसाठी काढलेलं, विकण्यापेक्षा पत्राच्या बदल्यात वाटलेलं. आज ते स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहे. कुठलाही अंक उघडा आणि आधी मलपृष्ठावर जा. तिथे सुटी सुटी वाक्यं दिसतील, कुणाच्या पत्रातली, कुणी गप्पांच्या ओघात बोललेली. कोण बोललं, कुणाला, कशावरून, काही सांगितलेलं नाही. तुम्हाला हसू येईल, पण आपण नेमकं कशाला हसलो हे सांगता येणार नाही. लग्नघरात चुकून दुसऱ्याच बाजूच्या पाहुण्यांच्या घोळक्यात जाऊन बसावं तसं काहीसं.

हे संग्रह कितपत कामाचे आहेत, हा प्रश्न मला या मलपृष्ठापाशी नेहमी अडवतो.

आधी माणसं ओळखून घ्या. वॉल्ट विलिस सरकारी नोकर. बॉब शॉ आराखडे काढणारा. जेम्स व्हाइट कपड्यांच्या दुकानात नोकरीला. अप्पर न्यूटनार्ड्स रोडवरच्या विलिस आणि त्याची बायको मॅडलिन यांच्या घरी ही मंडळी जमायची. घराचं नाव त्यांनी 'ओब्लीक हाउस' ठेवलं होतं. वर पोटमाळ्यावर ती 'घूडमिंटन' नावाचा स्वतः शोधलेला खेळ खेळायची, बॅडमिंटनसारखाच, पण रॅकेटऐवजी पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन. शॉ आणि व्हाइट पुढे नावाजलेले विज्ञानकथाकार झाले. व्हाइटची 'सेक्टर जनरल' ही अंतराळातल्या इस्पितळाची मालिका तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. ते सगळं या खेळानंतरचं.

'हायफन'च्या आधी १९४८ मध्ये 'स्लँट' निघालं. सातच अंक, पण ते हाताने एकेक खिळा जुळवून छापलेले. चित्रांसाठी ब्लॉक करून घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून व्हाइट लिनोकट कोरायचा. नोकरी सांभाळून, संध्याकाळी, अक्षर अक्षर लावत एखादं पान तयार करायला किती वेळ जात असेल याचा अंदाज करा. आणि आता तेच पान स्क्रीनवर पाहा. खिळ्याने कागदात केलेला खड्डा नाही, लिनोच्या शाईचा जाड थर नाही. 'स्लँट' आणि 'हायफन' स्क्रीनवर जवळजवळ सारखे दिसतात, एक छापलेला आणि दुसरा स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल केलेला असूनही. आपल्याकडच्या आधीच्या पिढीने शाळेत सायक्लोस्टाइलच्या प्रश्नपत्रिका सोडवल्या आहेत. त्या शाईचा वास आणि जांभळट-काळा फिकेपणा त्यांना विचारा. स्कॅनची ही मर्यादा सगळ्यांना माहीत असते, त्यात स्कॅन करणाऱ्याचा दोष नाही. मी त्यावर फार रडणार नाही.

खरी अडचण दुसरीकडे आहे. हे साहित्य आपल्याला मुख्यतः दोन रूपांत मिळतं. 'फॅनॅक' आणि 'ईफॅन्झीन्स'सारख्या संग्रहांत पानंच्या पानं स्कॅन केलेली आहेत. डेव्हिड लँगफर्डने फुकट ई-पुस्तकं केली आहेत, त्यांत विलिसचा मजकूर नव्याने जुळवलेला आहे. वाचायला दुसरं रूप कितीतरी सोपं. फोनवर, लुआसमध्ये उभ्याने वाचता येतं. विलिसचं १९५२च्या अमेरिकावारीचं प्रवासवर्णन मी असंच वाचलं आणि मजेत वाचलं. पण या हौशी अंकांत एक लकब होती. मजकुराच्या मधोमध दोन आडव्या रेघा ओढायच्या आणि त्यांच्यात एकच असंबद्ध वाक्य टाकायचं. वरच्या परिच्छेदाशी त्याचा संबंध नाही, खालच्याशीही नाही. गंमत त्या जागेत आहे. मजकूर नव्याने जुळवला की अशा ओळीचं काय करायचं? ठेवली तर चूक वाटते, काढली तर अंकाचा आवाज जातो. शिवाय ही माणसं मुद्दाम चुकीची स्पेलिंगं करायची आणि एकाची चूक दुसऱ्याने उचलून तिचा शब्द व्हायचा. शोधयंत्र आणि अक्षरओळख या दोघांनाही असल्या चुका आवडत नाहीत. म्हणून माझा सल्ला: लेख ई-पुस्तकात वाचा, अंक मात्र स्कॅनमध्येच बघा.

'द एन्चांटेड ड्युप्लिकेटर' हे विलिस आणि शॉ यांचं १९५४चं पुस्तक या सगळ्यात जास्त वाचलं जातं. बनियनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'च्या धर्तीवर जोफन नावाचा तरुण आदर्श अंक काढण्यासाठी प्रवासाला निघतो आणि वाटेत नाना प्रकारच्या मोहांत अडकतो. (बनियन आपल्याला परका नाही, हरी केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिक क्रमण' म्हणून तो मराठीत आणला होता.) रूपक मधे मधे फार ताणलंय, असं माझं मत. पण शेवटी नायकाला जे जादूचं यंत्र मिळतं ते गंजकं, जुनं सायक्लोस्टाइल असतं, आणि जादू असते ती हँडल फिरवणाऱ्या हातात. संग्रहात आज यंत्र आहे, शाई आहे, पानं आहेत. मी हात शोधतोय.

म्हणजे काय, ते बेलफास्टच्याच उदाहरणाने सांगतो. व्हाइट कॅथलिक, विलिस आणि शॉ प्रोटेस्टंट. पन्नाशीच्या बेलफास्टमध्ये हे एका पोटमाळ्यावर दर आठवड्याला जमणं आपोआप घडत नव्हतं. १९५६ ते १९६२ सीमेवर आयआरएची सशस्त्र मोहीम चालू होती. पण त्याचा माग 'हायफन'मध्ये काढायला गेलात तर फार काही हाती लागत नाही. तिथे कोट्या आहेत, पत्रं आहेत, कुणाच्या तरी टायपरायटरची दुरुस्ती आहे. हा भित्रेपणा, की त्या घराचा न बोलता पाळलेला नियम? मला दुसरं पटतं. पण तसं ठरवण्याजोगं काही पानावर नाही. ते सांगू शकणारी माणसं गेली. शॉ १९९६ मध्ये, व्हाइट आणि विलिस दोघेही १९९९ मध्ये.

संग्रहाच्या यादीत ३६व्या अंकाखाली ३७वा असतो. ३६वा १९६५चा, ३७वा १९८७चा. मधल्या बावीस वर्षांत विलिस कुटुंब डोनाघडीला गेलं, १९६९ मध्ये शहर पेटलं, १९७३ मध्ये शॉ बायकामुलांसह इंग्लंडला गेला. यादीत या सगळ्याची जागा एका ओळीइतकी.

याच शहरात, चालत जाता येईल अशा अंतरावर, दुसरं टोक आहे. लिनन हॉल ग्रंथालय १७८८चं. १९६८ मध्ये तिथले ग्रंथपाल जिमी व्हिटी यांच्या हातात एका पबमध्ये कुणीतरी नागरी हक्कांच्या चळवळीचं पत्रक ठेवलं आणि त्यांनी ते जपून ठेवलं. त्यातून उभा राहिलेला संग्रह आज साडेतीन लाखांहून जास्त वस्तूंचा आहे: पत्रकं, बिल्ले, पोस्टर्स. तिथे कुठलं पत्रक कुठल्या बाजूचं हे समजून घेऊन नोंदवणारी माणसं पहिल्यापासून होती. हौशी अंकांना असा पगारी ग्रंथपाल मिळाला नाही. त्यांची टिपणं वाचकांनीच केली: शब्दार्थकोश, नावांच्या याद्या, आठवणी. रिचर्ड बर्जरनने तर विलिसच्या लेखनाचा सहाशेहून जास्त पानांचा खंड आपल्या 'वॉरहून'चा एक अंक म्हणून काढला. तो नसता तर आपल्याला स्कॅनमधलं निम्मंसुद्धा कळलं नसतं.

आता आपलं बघा. विलिस बेलफास्टमध्ये स्टेन्सिल कापत होता त्याच पन्नाशीत मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांचे मित्र 'शब्द' सायक्लोस्टाइल करून काढत होते. साठीत 'असो', 'वाचा', 'फक्त', 'येरू' आले. हा छंद नव्हता, साहित्यातलं भांडण होतं, मान्य. पण काम तेच: मूठभर मित्र, उधारीचा कागद, हाताने लिहिलेले पत्ते. आणि त्यातही कोण कुणाला टोमणा मारतोय हे ठाऊक असलेली माणसं कमी होत चालली आहेत. कोलटकर २००४ मध्ये गेले, चित्रे २००९ मध्ये, राजा ढाले २०१९ मध्ये. या अंकांची चर्चा होते तेव्हा बहुतेक वेळा कवितांची होते, कारण कविता पुढे पुस्तकांत आल्या. अंकातल्या बारीक टीपा, वर्गणीची विनवणी, छपाईबद्दलची माफी, हे पुस्तकांत येत नाही. 'हायफन'चा संग्रह निदान ते सगळं ठेवतो, आणि म्हणूनच मी त्याच्यावर टीका करत असूनही त्याच्याकडे परत परत जातो.

हक्कांचा प्रश्न तुम्ही विचारालच. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, इथे सत्तर. ज्या अंकात तीस जणांची पत्रं आहेत तिथे प्रत्येकाची परवानगी मिळवायची म्हटली तर काम सुरूच होणार नाही. हौशी संग्रह बहुतांशी विश्वासावर चालतात: ठेवतो, कुणी हरकत घेतली तर काढतो. ते मला पटतं, एक अपवाद सोडून. पत्रव्यवहारात घरचे पूर्ण पत्ते छापलेले असतात, आणि ते झाकायला फारसे कष्ट पडत नाहीत.

सुट्टीत घरी जाल तेव्हा माळ्यावर कॉलेजचा हस्तलिखित अंक, नाट्यमंडळाचं वार्तापत्र, आजोबांच्या तिकिटसंग्राहक मंडळाची पत्रकं असं काही सापडलं, तर फोनने फोटो काढण्याआधी ते ज्यांचं आहे त्यांच्या शेजारी बसा. रेकॉर्डिंग चालू करा. मलपृष्ठापासून सुरुवात करा, प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, "हे कोण म्हणालं होतं?"