रजनीश : दोन स्मृतिलेख

मरणाबरोबर वैर संपते, ही शिकवण आपल्या घराघरांत मुरलेली आहे. रावण पडल्यावर रामाने बिभीषणाला हेच सांगितले आणि भावाचे अंत्यसंस्कार करायला लावले. गेलेल्या माणसाविषयी वावगे बोलू नये, असे आपण मुलांनाही बजावतो. म्हणूनच मराठीत मृत्युलेख उदंड झाले, पण त्यांत परखड गुणदोषविवेचन क्वचितच आढळते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेहरूंवर तुटून पडणारे अत्रेसुद्धा १९६४ साली नेहरू गेल्यावर ‘सूर्यास्त’ लिहितात. त्यात मनाचा मोठेपणा आहे. पण गेलेला माणूस धर्मगुरू असेल, भक्त म्हणत असतील की तो मेलाच नाही आणि विरोधकांना त्याचे नावही ऐकवत नसेल, तर मृत्युलेख लिहिणाराने करावे काय?

रजनीशांच्या बाबतीत हा प्रश्न उभा राहिला तो आपल्याच पुण्यात. १९ जानेवारी १९९० रोजी कोरेगाव पार्कातल्या आश्रमात वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते वारले. देह काही मिनिटे सभागृहात ठेवला गेला आणि त्याच संध्याकाळी अनुयायांनी तो गात-नाचत स्मशानात नेला. मृत्यू हा उत्सव आहे, असे गुरूने शिकवले होते. शिष्यांनी ते शब्दशः पाळले. चितेपुढे नाचणे अनेकांना विपरीत वाटले. मला स्वतःला त्यात आक्षेपार्ह काही दिसत नाही. वारकऱ्याला टाळमृदंगाच्या गजरात निरोप देणाऱ्या महाराष्ट्राने त्या नाचाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मतभेदाची जागा निराळी आहे.

ती जागा दोन स्मृतिलेखांत नेमकी सापडते. पहिला पुण्यातल्या समाधीवरचा. हा माणूस कधी जन्मला नाही, कधी मेला नाही. ११ डिसेंबर १९३१ ते १९ जानेवारी १९९० या काळात त्याने या पृथ्वीला केवळ भेट दिली, असा त्याचा आशय. हा मजकूर स्वतः रजनीशांनीच सांगून ठेवला होता, असे अनुयायी सांगतात. दुसरा लेख अमेरिकेत, ऑरेगन राज्यातल्या अँटिलोप नावाच्या चिमुकल्या गावात ध्वजस्तंभापाशी आहे. १९८१ ते १९८५ या काळात रजनीशांच्या लोकांनी गाव व्यापले असता जे गावकरी तिथेच राहिले आणि झुंजले, त्यांचे स्मरण त्यात केले आहे. त्या वर्षांत संन्याशांनी मतांच्या बळावर गावाची सत्ता घेतली आणि गावाचे नावच ‘रजनीश’ करून टाकले. पुढे गावाने आपले जुने नाव परत घेतले.

टीकाकार म्हणून हे दोन लेख शेजारी ठेवून वाचले की गंमत वाटते आणि विषादही. पुण्याच्या लेखात दोन तारखा आहेत, पण त्यांच्यामधले आयुष्य गाळलेले आहे. अँटिलोपच्या लेखात चारच वर्षे आहेत, आणि उरलेले आयुष्य गाळलेले आहे. मात्र दोन्हींचे वजन सारखे नव्हे. १९८४ साली ऑरेगनमधल्या द डॅल्स गावात दहा उपाहारगृहांतील खाद्यपदार्थांत रोगजंतू मिसळले गेले आणि ७५१ माणसे आजारी पडली. स्थानिक निवडणूक आपल्या बाजूने फिरवण्यासाठी रजनीशांच्या निकटच्या कारभाऱ्यांनी हे कृत्य केले होते. पुढच्या वर्षी रजनीशांनी स्वतःच त्या कारभाऱ्यांवर जाहीर आरोप केले. त्या विषप्रयोगाबद्दल त्यांच्यावर खटला झाला नाही. परदेशी नागरिकांच्या प्रवेशासंबंधीच्या गुन्ह्यांत मात्र त्यांना दंड झाला आणि देश सोडावा लागला. अमेरिकेच्या तुरुंगात आपल्याला विष दिले गेले, असे ते पुढे म्हणत राहिले. ते कधी सिद्ध झाले नाही. हे सारे ज्यांनी भोगले, त्यांनी गुरू गेल्यावर हळहळावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

मग रजनीशांचे उरले काय? उरले ते शब्द. ओळखीच्या कितीतरी घरांत त्यांची पुस्तके मी पाहिली आहेत. बहुधा कपाटाच्या मागच्या रांगेत, पण हाताळून मऊ झालेली. ही पुस्तके बहुतांशी लिहिलेली नव्हेत, बोललेली आहेत. प्रवचने ध्वनिमुद्रित होत आणि त्यांचे ग्रंथ निघत. म्हणून त्यांच्याकडे पाहावे ते आपण कीर्तनकाराकडे पाहतो तसे. पूर्वरंगात सिद्धान्त, उत्तररंगात आख्यान, मध्येच मुल्ला नसरुद्दीनचा एखादा किस्सा. लहान वाक्ये, नेमकी विश्रांती, श्रोत्याच्या मनातला प्रश्न त्याच्याआधी विचारण्याची हातोटी. जबलपूरला तत्त्वज्ञान शिकवलेल्या या माणसाची हिंदी किती सहज, किती लवचीक! १९६८ साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनात कामवासनेवर ते उघड बोलले आणि गहजब झाला. पण भल्या घरांत कुजबुजत बोलला जाणारा विषय त्यांनी शुद्ध, स्वच्छ भाषेत मांडला, हे श्रेय नाकारता येत नाही.

दोषही त्याच गुणाच्या पोटी जन्मलेला आहे. ते कबीरावर बोलले, नानकांवर बोलले, महावीर, बुद्ध, अष्टावक्र आणि गीतेवर बोलले. ही प्रवचने ओळीने वाचावीत, म्हणजे हळूहळू ध्यानात येते की कबीर, नानक आणि महावीर तिघेही रजनीशांसारखेच बोलू लागले आहेत. मूळ संतांचे कंगोरे, त्यांचे आपसांतले भेद, त्यांची गावरान वा व्रतस्थ निराळी चव विरघळून जाते आणि एकच गोड आवाज उरतो. शिवाय आपल्या बोलण्यातल्या विसंगतीचे त्यांना भूषण वाटे. काल बोललेला शब्द आज आपल्याला बांधत नाही, ही त्यांची भूमिका. काव्यात हे शोभेल. पण हजारो माणसे ज्याच्या शब्दावर घरदार सोडतात, त्याला ती सवलत नाही. बोलणे आणि चालणे यांचा मेळ मागणाऱ्या संतांच्या मुलखात तर नाहीच.

ऑरेगनातली घटना आणि प्रवचनातला हा दोष यांचे नाते मला इथे दिसते. शब्द सोडून द्यायचा, तो कोणाच्या हातात पडतो, त्याचे काय होते, हे पाहायचे नाही. शिष्यांनी केले ते शिष्यांचे, असे म्हणून गुरूला बाजूला होता येत नाही. निदान ज्याने स्वतःच्या नावाचे नगर वसू दिले, त्याला नाही.

तेव्हा मृत्युलेखकाने दोन्ही स्मृतिलेख वाचावेत, दोन्हींत जे गाळले आहे ते भरावे. आणि कपाटाच्या मागच्या रांगेतली ती पुस्तके पुढे आणावीत. घरातल्या तरुण मुलांनी ती उघड वाचावीत, रंगून वाचावीत. आणि वाचून झाल्यावर डॅल्सच्या त्या ७५१ माणसांची गोष्टही वडीलधाऱ्यांनी त्यांना सांगावी. वैर मरणाबरोबर संपावे हे खरेच, पण हिशेब संपू नये.