किरायाचा हिशेब आणि ‘बटाट्याची चाळ’

पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली. चाळीतल्या माणसांवर पुष्कळ लिहिले गेले. त्या माणसांना एका जागी धरून ठेवणाऱ्या भाड्यावर लिहिलेले माझ्या वाचनात फारसे नाही. भाड्याच्या घराचे आपल्या साहित्यातले चित्र गॅलरीतून पाहिलेले आहे. मालकाची वही त्यात उघडतच नाही, म्हणून ते मला अर्धे वाटते.

भाड्याने द्यायच्या घराचे मोल दोन गोष्टींवर ठरते. खर्च वजा जाता दरमहा हाती काय उरते ही एक, आणि जागेचा भाव किती वाढेल ही दुसरी. मुंबईत १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने पहिली गोष्ट जवळजवळ संपवली. प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधले गेले. टंचाईच्या काळात भाडेकरू रस्त्यावर येऊ नये, हा हेतू रास्तच होता. पण मजुरी, चुना, सिमेंट महागत गेले आणि भाडे तिथेच राहिले. मालकाने जिना दुरुस्त करावा तरी कशासाठी? त्याच्या आशेला उरली फक्त जमिनीची किंमत, आणि ती चाळ रिकामी झाल्याशिवाय हाती येणार नव्हती. चाळीतला शेजारधर्म आणि चाळीची पडझड ही अशी एकाच कायद्याची लेकरे आहेत. पुलंनी पहिल्यावर जीव लावला आणि दुसऱ्यावर आपल्याला हसवले. दोघांचे नाते मात्र सांगितले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेले प्रमाण भाडे अवाजवी ठरवले.

आम्ही गोंदियाकडचे वाचक ती चाळ आपलीच समजून वाचत आलो. पण इकडे शब्दही वेगळा, ‘किराया’, आणि कायदाही वेगळा. मध्यप्रांत व वऱ्हाडाचा १९४९चा भाडे नियंत्रण हुकूम विदर्भात पुढे पन्नास वर्षे चालला. त्यात भाडे नियंत्रकाच्या लेखी परवानगीवाचून किरायेदाराला घर सोडण्याची नोटीसही देता येत नसे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. राज्यभरासाठीचा नवा भाडे कायदा ३१ मार्च २००० रोजी लागू झाला. त्याने जुन्या भाडेकरूंसाठी वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली आणि भाडेकराराची नोंदणी ही मालकाची जबाबदारी केली.

आता भाडे मोकळे झाले, तरी वही बंदच आहे. समजा, कोणी ४० लाखांचे घर घेऊन ८ हजारांनी किरायाने दिले. वर्षाचे ९६ हजार झाले. एक महिना घर रिकामे, नगरपरिषदेचा कर, रंगरंगोटी, नळदुरुस्ती असे २६ हजार वजा करा. उरले ७० हजार, म्हणजे पावणेदोन टक्के. बँकेची मुदत ठेवही याहून जास्त देते. किराया वाढवावा, तर इथला किरायेदार पुष्कळदा बदलीवर आलेला पगारदार असतो. सातव्या वेतन आयोगात घरभाडे भत्त्याचे दर २४, १६ आणि ८ टक्क्यांपासून सुरू झाले. गोंदिया शेवटच्या वर्गात. त्याची ऐपत तिथेच अडते.

तरीही घेणारा म्हणतो, ‘भाव वाढेल.’ वैद्यकीय महाविद्यालय आले, बिरसीहून विमान उडाले, म्हणून वाढेल. वाढेलही. पण वाढलेला भाव घर विकेपर्यंत हाती येत नाही आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याला द्यावा लागतो. निवृत्तीची रक्कम अशा घरात घालणारा चाळीच्या मालकासारखाच भावाकडे डोळे लावून बसतो. फरक इतकाच की त्या मालकावर ती वेळ कायद्याने आणली होती, हा ती स्वतःहून ओढवून घेतो.

याचा दोष पुलंना देता येणार नाही. त्यांनी भाडेकरूचे जग लिहिले आणि ते खरे लिहिले. उणीव आपल्या वाचनाची आहे. भाडेकरूवर माया केली, मालकाला हसलो, आणि घर पडते का हे विचारायचे राहिले. ‘बटाट्याची चाळ’ पुन्हा वाचताना शेजारी एक जमाखर्चाची वही ठेवावी. विनोद कमी होणार नाही, आणि जिना का मोडला तेही कळेल.