न ओलांडलेली रेषा : मराठीतील नर्मदा-परिक्रमेचे लेखन

उत्तरापथ आणि दक्षिणापथ यांमधील मर्यादा म्हणून नर्मदेचे नाव प्राचीन काळापासून घेतले जाते. सातव्या शतकात हर्षवर्धनाची दक्षिणेकडील आगेकूच दुसऱ्या पुलकेशीने थोपवली ती याच रेषेच्या आधाराने. राजांचा पराक्रम ही रेषा ओलांडण्यात होता. परिक्रमावासीयाचा सारा नेम ती न ओलांडण्यात आहे. छत्तीसगढच्या सीमेलगतच्या अमरकंटकापासून खंबायतच्या आखातापर्यंत नदी सुमारे १३१२ किलोमीटर वाहते. तिला उजव्या हाताशी ठेवून दोन्ही तीर चालायचे, आणि पैलतीर गाठायचा तो सागरसंगमापाशी नावेतून किंवा उगमाला वळसा घालून.

या नेमातून मराठीत एक स्वतंत्र लेखनपरंपरा उभी राहिली. गो. नी. दांडेकरांनी ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिताना स्वतःच्या भ्रमंतीचा अनुभव कादंबरीत मुरवला. शीर्षकातील ‘कुणा एक’ हा निव्वळ संकोच नव्हे. वाट मोठी व्हावी म्हणून चालणाऱ्याने नाव पुसून टाकले आहे. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’मध्ये नेमके उलट घडते. तेथे निवेदक सतत समोर आहे, चमत्कार त्याच्यासाठी घडतात, आणि पुष्कळदा वाटेवरचा माणूस त्या चमत्काराचे साधन होऊन उरतो. या पुस्तकाची लोकप्रियता मोठी. वाङ्मयीन तोल मात्र दांडेकरांकडेच अधिक आहे.

या साऱ्या लेखनाची खरी परीक्षा शूलपाणीच्या झाडीत होते. तेथील भिल्ल यात्रिकाला अंगावरच्या वस्त्रापर्यंत लुटतात, आणि यात्रिक त्यांना ‘मामा’ म्हणतो. मैयानेच अपरिग्रह शिकवला, असा त्याचा अर्थ लावतो. अर्थ सुंदर आहे, पण तो लावणारा नेहमी बाहेरचा. लुटणाऱ्याच्या घरी त्या दिवशी काय शिजले, हा प्रश्न भक्तिभावाच्या चौकटीत सहसा मावत नाही.

पुढे त्याच काठावर सरदार सरोवराचे पाणी चढले. महाराष्ट्राच्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत नदी राज्याची सीमाच आहे. तेथील ३३ गावे बुडिताच्या कक्षेत आली. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पाणी १३८.६८ मीटरपर्यंत अडवण्याची वाट मोकळी झाली. दक्षिण तटाचा यात्रिक आता शहादा, तळोदा या बाजूने पक्क्या रस्त्यावरून बराच आत वळतो. दांडेकरांच्या पानांतला काठ या टप्प्यात त्याच्या पायांखाली येत नाही, आणि त्याला लुटायला तेथे मामाही उभा नसतो.