मन सांभाळण्याचे धडे : मोजमाप काय सांगते?

मनाची निगा राखावी, ती आजाराची वाट न पाहता आधीपासून राखावी, आणि ज्याची त्याने राखावी, हा विचार आता सर्वत्र ऐकू येतो. त्यातील पहिल्या दोन भागांबद्दल आमची तक्रार नाही. पुरेशी झोप, नियमित व्यायाम, मनातले बोलायला एखादे जवळचे माणूस, यांचे महत्त्व कोण नाकारील? प्रश्न आहे तो तिसऱ्या भागाचा. 'ज्याची त्याने' हे तत्त्व धड्यांच्या रूपाने वर्गात आणले, तर मुलांचे खरोखर भले होते का? याचे उत्तर मतांवर सोडण्याचे कारण नाही. ते मोजता येते, आणि मोजले गेलेही आहे.

प्रथम या उपायाच्या बाजूचा पुरावा पाहू. टीसडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली १४५ प्रौढांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. हे सर्व नैराश्यातून बरे झालेले, पण तो आजार एकाहून अधिक वेळा भोगलेले लोक होते. त्यांच्यातील एका गटाला आठ आठवडे सजगतेचे शिक्षण दिले गेले. म्हणजे मनात येणाऱ्या विचारांमागे फरफटत न जाता ते न्याहाळण्याची सवय लावण्यात आली. ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आले होते, त्यांच्यात फरक ठळक होता. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ६६ टक्क्यांचा आजार उलटला, तर शिक्षण घेतलेल्यांपैकी ३७ टक्क्यांचा. मात्र ज्यांना दोनदाच आजार झाला होता, त्यांना फायदा दिसला नाही. म्हणजे उपाय खरा आहे, पण तो सरसकट सर्वांचा नाही.

येथेच गल्लत होते. रुग्णाला उपयोगी पडलेले औषध निरोगी माणसाला टॉनिक म्हणून चालेल, असे आपण शरीराबाबत मानत नाही. मनाबाबत मात्र सहज मानतो.

ब्रिटनमधील 'मिरियाड' या प्रयोगाने हे गृहीतक तपासले. ८५ शाळा आणि आठ हजारांहून अधिक विद्यार्थी त्यात होते. कोणत्या शाळेत सजगतेचे तास घ्यायचे आणि कोणत्या शाळेत नेहमीचेच भावनिक-सामाजिक शिक्षण चालू ठेवायचे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवावर सोपवले होते. २०२२ साली निष्कर्ष आले. वर्षभरानंतर नैराश्याचा धोका, वर्तन आणि मानसिक स्वास्थ्य या कोणत्याच बाबतीत सजगतेचे तास सरस ठरले नाहीत. बहुसंख्य मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. 'मग दोष उपायाचा नाही, मुलांचा' असे यावर म्हटले जाते. आम्हाला हा युक्तिवाद पटत नाही. जो उपाय प्रत्येक मुलाच्या रोजच्या स्वयंप्रेरणेवर उभा आहे आणि ती प्रेरणा बहुतेकांना होत नाही, तो सार्वत्रिक उपाय म्हणून अपुराच म्हटला पाहिजे.

ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगाचा अनुभव अधिक गंभीर आहे. तेथे सुमारे हजार विद्यार्थ्यांच्या अभ्यासात काही वर्गांना भावनांवर ताबा ठेवण्याची कौशल्ये आठ आठवडे शिकवली गेली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शिक्षण संपताच या मुलांमधील नैराश्य व चिंतेची लक्षणे तुलनागटापेक्षा अधिक आढळली आणि पालकांशी असलेले संबंधही बिघडलेले दिसले. चांगल्या हेतूने केलेल्या उपायाने अपाय होऊ शकतो, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवावी.

मग शाळेने करावे तरी काय? याची एक दिशा आपल्याच देशात सापडते. गोव्यात काम उभे केलेल्या 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहर' हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. यात भर होता शाळेच्या वातावरणावर : भित्तिपत्रिका, मुलांनी मनातले लिहून टाकावे अशी पेटी, परिपाठातील चर्चा, मुलांचे गट, आणि गरज असेल त्या मुलाशी एकट्याने बोलणे. हे काम काही शाळांत खास नेमलेल्या, थोडे प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकाने केले, तर काही शाळांत तेथील शिक्षकांनी. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी व हिंसा कमी झाली, नैराश्याची लक्षणेही घटली. शिक्षकांनी केलेल्या कामाचा परिणाम मात्र दिसला नाही.

हा निष्कर्ष आपल्याला बोचेल, पण तो नीट वाचावा. समुपदेशकाला तेवढेच काम होते. शिक्षकाला ते अध्यापनाच्या जोडीला करायचे होते. तेव्हा 'मानसिक आरोग्याचा तास घ्या' असे सांगून आणखी एक ओझे शिक्षकावर टाकणारी योजना आली, तर तिला हा पुरावा दाखवावा आणि त्यासाठी वेगळा माणूस मागावा.

स्वतःची निगा ज्याने त्याने अवश्य राखावी. पण ज्या मुलाला मधल्या सुट्टीत रोज मार बसतो, त्याला दीर्घ श्वास घ्यायला शिकवणे हा उपाय नव्हे. डबकी तशीच ठेवून घरोघर हिवतापाच्या गोळ्या वाटण्यासारखे ते आहे. आधी मार थांबवावा. आणि एखादे मूल खरोखरच कोलमडताना दिसले, तर उपदेश न करता त्याचे ऐकून घ्यावे, पालकांना विश्वासात घ्यावे आणि तज्ज्ञाकडे पाठवावे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक शिक्षकखोलीतील फळ्यावर लिहून ठेवला, तरी एक काम झाले.