संगीत रंगभूमीवरचा तलफ़्फ़ुज़

मावळातील बेडसे लेण्यांत ब्राह्मी लिपीतला एक छोटा शिलालेख आहे. नाशिकच्या आनंद शेठचा मुलगा पुष्यणक याने दिलेल्या दानाची ती नोंद. भाषा प्राकृत. संस्कृतातला 'श्रेष्ठी' तिथे 'सेठि' झाला आहे आणि 'पुत्र' झाला आहे 'पुत'. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लोकांच्या जिभेवर जो शब्द होता, तोच कोरणाऱ्याने दगडावर उतरवला. त्याला अशुद्ध म्हणून कुणी हसत नाही. अभ्यासक त्याला भाषेचा इतिहास म्हणतात. आज याच मावळात, कामशेत-लोणावळ्याच्या बाजारात, कुणी 'शेठ' म्हणतो, कुणी 'सेठ'. पण 'सेठ' म्हणणारा नाटकातला मुसलमान असला, की प्रेक्षागृहात हशा पिकतो. असे का व्हावे, हा प्रश्न मराठी संगीत नाटके पाहताना आणि नाट्यपदे ऐकताना आम्हांला सतत पडत आला आहे.

गाताना उच्चार बदलतात. पण सगळे बदल एका जातीचे नसतात. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा साकी, दिंडी अशा चालींत शब्द पुढे असे आणि सूर त्याच्या मागून येई. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांच्या आणि १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांच्या चाली आल्या. रागदारीने रंगमंच व्यापला, तान लांबली. तान बहुधा आकारात घेतात. वरच्या स्वराला गळा उघडावा लागतो; मग 'ई' ही 'ए'कडे झुकते, ऱ्हस्व अक्षर दीर्घ होते, जोडाक्षर सैल पडते. ही स्वराची गरज आहे. तिला दोष म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरा बदल मातृभाषेचा. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) मूळचे उत्तरेकडच्या कैरान्याचे, पुढे मिरजेचे झाले. त्यांनी 'मानापमाना'तले पद ध्वनिमुद्रिकेवर गायले आहे. ती मराठी इथल्या मातीतली नाही हे लगेच कळते. व्यंजने मऊ होतात, शब्दांच्या कडा सुरात विरघळतात. तरी मराठी रसिकाने ती ध्वनिमुद्रिका जिवापाड जपली. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर मराठी रंगभूमीवर उभ्या राहिल्या, तेव्हा तर हा प्रश्नच उरला नव्हता. आई ताराबाई माने मराठी. एका पिढीत जीभ घरची झाली. बालगंधर्वांच्या साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा बसत. त्यांच्या बोलण्यातला लहजा कुणी विचारला नाही. सुराच्या दरबारात ही उदारता होती, हे आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो.

तिसरा बदल निष्काळजीपणाचा. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेब आफताब हुसेन झाले वसंतराव देशपांडे. वसंतरावांनी लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे तालीम घेतली होती. त्यांच्या तोंडी ती उर्दू वळणाची बोली उपरी वाटत नाही. पुढे राहुल देशपांडे यांनी नाटक पुन्हा उभे केले आणि २०१५ साली चित्रपटही आला. पण या वळणाच्या भूमिका आणि पदे जागोजागी जी होतात, त्यांत 'ख़ुदा'चा सर्रास 'खुदा' होतो. ख़ुदा म्हणजे परमेश्वर, खुदा म्हणजे खणलेला! 'क़मर' म्हणजे चंद्र; त्याची 'कमर' झाली की चंद्राची कंबर होते. त्याहून वाईट खोटा नुक्ता. उर्दूचा बाज आणायचा म्हणून 'मजबूर'चा 'मज़बूर' आणि 'फिर'चा 'फ़िर' केला जातो. उर्दूत या शब्दांना नुक्ता नाहीच. तलवार धरायला शिकवणारा माणूस निर्माता शोधून आणतो. शब्द धरायला शिकवणारा मात्र कुणाला लागत नाही.

चौथा प्रकार थट्टेचा. 'हमकू-तुमकू' बोलणारा नोकर, दरवान किंवा खाटीक विनोदासाठी मंचावर येतो आणि तेवढ्यावर त्याचे काम संपते. इथे उच्चार चुकलेला नसतो, मुद्दाम चुकवलेला असतो. महाराष्ट्रातला मुसलमान कोकणात कोकणी बोलतो, मराठवाड्यात दखनी, घाटावर गावची मराठी. या सगळ्यांना एकच बोबडी जीभ देणे हे निरीक्षण नव्हे, आळस आहे.

या आळसाची किंमत कोण मोजते? आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गातली एक मुलगी एका गायनस्पर्धेत नाट्यपद गायली. सूर नेमका होता. 'ळ'चा 'ल' झाला आणि मागच्या रांगांतून हसू फुटले. त्याच स्पर्धेत एका मुलाने कव्वालीत 'ख़ुदा'चा 'खुदा' केला. त्याला टाळ्या मिळाल्या. पुढच्या वर्षी तिने नाव दिले नाही.

आता आपल्या घरातही डोकावू. मराठी माणसाचा 'ख़' ऐकून आपणही कमी हसत नाही. दिलीपकुमार यांनी मराठी गायकांच्या उर्दूबद्दल वरणभाताचा टोमणा मारल्याची गोष्ट लता मंगेशकर स्वतः सांगत. मास्टर दीनानाथांसारख्या रंगभूमीवरच्या गायकाची ही मुलगी. तिने मौलवीसाहेबांकडे उर्दूची शिकवणी लावली आणि तलफ़्फ़ुज़ कमावला. टोमण्यापाठोपाठ शिक्षक मिळाला म्हणून ते जमले. आमच्या विद्यार्थिनीच्या वाट्याला नुसता टोमणा आला.

उर्दू लिपीत 'ळ' आणि 'ण' यांना स्वतंत्र हरफ नाहीत, हे खरे. त्यामुळे 'वेळ' आणि 'वेल', 'काळ' आणि 'काल' मुलांच्या कानाला एकच वाटतात. मराठीत 'चंद्र'चा 'च' वेगळा आणि 'चांदणे'चा वेगळा. ते तर कुठल्याच लिपीत दिसत नाही, ऐकूनच शिकावे लागते. पण ही सबब आपल्याला शोभत नाही. मकतबात आपली मुले मख़रज शिकतात. कोणता हरफ कंठातून, कोणता जिभेच्या टोकावरून, हे लहानपणी घोटून घेतात. 'क़ल्ब' म्हणजे हृदय आणि 'कल्ब' म्हणजे कुत्रा, हे सात वर्षांचे मूलही जाणते. ज्या जिभेला 'क़ाफ' साधतो, तिला टोक मागे वळवून टाळूला लावायचा 'ळ' का साधू नये? संस्कृत परंपरेतही वर्णांची उच्चारस्थाने अशीच सांगितली आहेत. दोन्ही घरांत विद्या एकच आहे. शेजाऱ्याच्या शब्दासाठी ती वापरायची कुणाला सुचलेली नाही.

'कट्यार'मध्ये एकच पद दोन घराण्यांच्या दोन रीतींनी गायले जाते. प्रेक्षक दोन्हींना दाद देतो; एकीला खरी आणि दुसरीला भ्रष्ट म्हणत नाही. गायकीला दिलेला हा मान बोलीलाही मिळावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. मराठी नाट्यसंस्थांनी असे नाटक बसवताना उर्दूच्या एखाद्या शिक्षकाला तालमीला बोलवावे. आपल्या शाळांनी मराठीच्या तासाला पाठांतराबरोबर मोठ्याने वाचन आणि गायन ठेवावे. गॅदरिंगला एखादे नाट्यपद असू द्यावे. परीक्षकांनी 'ळ' चुकला तर गुण कापावेत, जरूर कापावेत. 'ख़' चुकला तरी कापावेत. आणि हसणाऱ्या मागच्या रांगांना गप्प बसवण्याचे काम त्यांनीच करावे, कारण त्या वेळी माइक त्यांच्याच हातात असतो.