स्मरण आणि निर्वहण : एका अवकाश-महाकथेचा अनोळखी प्रेक्षक

मालिकारूप कलाकृतीचा अंतिम भाग कोणाला उद्देशून रचलेला असतो, हा प्रश्न समीक्षेत क्वचितच विचारला जातो. १९७७ मध्ये जॉर्ज लुकस यांच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाने आरंभिलेली अवकाश-साहसाची मुख्य कथा नवव्या भागाने, म्हणजे २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्रदर्शित झालेल्या जे. जे. एब्रम्स दिग्दर्शित ‘द राइझ ऑफ स्कायवॉकर’ या चित्रपटाने, समाप्त झाली. निष्ठावंत प्रेक्षकांनी या समाप्तीची चिकित्सा हिरिरीने केली. परंतु एखाद-दुसरा भाग केव्हातरी पाहिलेला, पात्रांची नावेही नीटशी न आठवणारा जो प्रेक्षक सहज म्हणून चित्रपटगृहात आला, त्याची प्रतिक्रिया अजाणतेपणाची म्हणून बाजूला सारली गेली. वस्तुतः ती प्रतिक्रियाच या चित्रपटाच्या रचनेविषयी काही मूलगामी सांगू शकते.

चित्रपटाच्या अखेरीस केसाळ देहाच्या च्युबाकाच्या हाती एक पदक दिले जाते. निष्ठावंताचे डोळे येथे पाणावतात. कारण १९७७ च्या चित्रपटातील समारंभात ल्यूक आणि हान सोलो यांना पदके मिळाली, पण च्युबाका मात्र त्यांच्या शेजारी उभा असूनही रिक्तहस्त राहिला, हे त्याच्या स्मरणात असते. बेचाळीस वर्षांची ती उणीव आता भरून निघते. अनोळखी प्रेक्षकाला मात्र कोणी कोणाला काहीतरी दिले, एवढेच दिसते. शेवटच्या दृश्यातील वाळूत अर्धवट गाडले गेलेले घर ल्यूकच्या बालपणाचे, हेही त्याला ठाऊक नसते. भाव तेथे आहे. पण त्याचे विभाव या चित्रपटात नसून दुसऱ्याच चित्रपटात आहेत. ॲरिस्टॉटलने अभिज्ञानाचे प्रकार सांगताना बाह्य खुणेवर विसंबणारा प्रकार सर्वांत कमी कलात्मक मानला, त्याचे कारण अशा वेळी पुरेपूर ध्यानात येते.

यावर असा आक्षेप संभवतो की, महाकथेत पूर्वज्ञान गृहीतच असते. हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. तथापि ‘अभिज्ञानशाकुंतला’चे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. महाभारतातील मूळ उपाख्यानात अंगठी नाही. ती कालिदासाने आणली. चौथ्या अंकातील दुर्वासाचा शाप, पाचव्या अंकात अंगठी हरवल्याचे उघडकीस येणे आणि सहाव्या अंकाच्या आरंभी ती धीवरापाशी सापडणे, हे सर्व नाटकाच्या आतच घडते. म्हणून मूळ कथा न वाचलेल्या रसिकालाही दुष्यंताची व्यथा पोचते. परंपरेचे ज्ञान त्या रसाला गहिरेपणा देते; त्याची जागा घेत नाही.

नाट्यशास्त्राने निर्वहण संधीत आधी पेरलेल्या बीजाची फलपरिणती अपेक्षिली आहे. प्रस्तुत चित्रपटाचा दोष येथेच आहे. १९८३ च्या भागात मृत्यू पावलेला सम्राट पॅल्पटाइन परतल्याची वार्ता आरंभीच्या सरकत्या मजकुरातच उरकली जाते. त्याच्या पुनरागमनाचे बीज या त्रयीच्या आधीच्या दोन भागांत पेरलेले नाही. २०१७ च्या भागात नायिका रे हिचे आईबाप सामान्य, नगण्य असल्याचे सांगितले गेले होते. येथे ती त्याच सम्राटाची नात ठरते. च्युबाकाचा मृत्यू भासवून थोड्याच वेळात तो रद्द केला जातो. अशा स्थितीत अनोळखी प्रेक्षक गोंधळला, तर तो त्याच्या अज्ञानाचा परिणाम म्हणता येत नाही. जाणकारही येथे फारसा वेगळ्या स्थितीत नसतो.

याउलट, एक सूत्र या प्रेक्षकापर्यंत निश्चितपणे पोचते. रे आपली जीवनशक्ती देऊन प्रथम एका जखमी सर्पाला बरे करते. पुढे आपल्याच हातून घायाळ झालेल्या शत्रूला. आणि अखेरीस तोच शत्रू, बेन सोलो, स्वतःचे प्राण देऊन तिला जिवंत करतो. बीज, विकास व फल ही तिन्ही एकाच चित्रपटात आहेत, आणि येथे प्रेक्षागृहाला पूर्वस्मृतीची गरज भासत नाही. जन्माने मिळालेले कुळ नाकारून रे शेवटी स्कायवॉकर हे नाव स्वीकारते, तेव्हा त्या निवडीचा अर्थही याच सूत्रातून उलगडतो.

यावरून अनोळखी प्रेक्षकाचा निर्णय अंतिम मानावा, असे ठरत नाही. दीर्घ सहवासातून येणारी संपन्नता त्याच्या वाट्याला येत नाही, आणि ती संपन्नताही रसास्वादाचे खरे अंग आहे. परंतु उपसंहारातील किती भाग कृतीने स्वतः कमावला आणि किती भाग प्रेक्षकाच्या स्मृतीकडून उसना घेतला, याचा हिशेब त्याच्या प्रतिक्रियेवाचून मांडता येत नाही. मालिकारूप कथनाच्या अभ्यासात या प्रेक्षकाला साक्षीदाराचे स्थान मिळणे म्हणूनच अगत्याचे आहे.