‘मॅनेजरला काही कळत नाही’ हे मोजायचं कसं?

किराणा साखळीच्या दुकानात किंवा गोदामात काम करणाऱ्यांशी बोला, ‘मॅनेजरला काही कळत नाही’ हे वाक्य ऐकू येतंच. भिवंडीच्या काल्हेर-पूर्णा पट्ट्यात फील्डवर्क करायचं ठरवलंत, तर तुमच्याही वहीत ते येईल. पण ही तक्रार झाली, निष्कर्ष नव्हे.

ती तपासायची कशी, हे पाहायला निकोल डिहोरेशियस आणि अनंत रामन यांचा ‘मॅनेजमेंट सायन्स’मधला २००८चा पेपर वाचा. एका रिटेल कंपनीच्या ३७ दुकानांतल्या जवळपास ३,७०,००० नोंदी त्यांनी घेतल्या. कॉम्प्युटरवरचा साठा आणि प्रत्यक्ष माल यांचा मेळ ६५ टक्के नोंदींत बसत नव्हता! मालाची दाटी आणि प्रकार वाढले की चुकाही वाढतात, असं त्यांना दिसलं. आता दुकानात किती माल कोंबायचा, हे काही कामगार ठरवत नाही. बोलणी मात्र तोच खातो.

‘कळत नाही’ला आकड्यात आणलं, ही पेपरची ताकद. उणीव अशी की त्यात कामगाराचा अनुभव हा घटकच नाही. फरक आधी कुणाला दिसला? त्याने कुणाला सांगितलं? पुढे काय झालं? भिवंडीत हे विचारावंच लागेल, कारण इथे लोडर-पॅकर बरेचदा ठेकेदाराचे असतात. गाऱ्हाणं ठेकेदाराकडे, निर्णय कंपनीकडे.

म्हणून प्रपोजल लिहिताना मोजणी आणि मुलाखत, दोन्ही ठेवा. नुसत्या मोजणीतून चूक किती ते कळेल. ती सुधारत का नाही, ते कळणार नाही.